ओवी आणि खानेसुमारी

मराठी ग्रामीण साहित्याची चर्चा आपल्याकडे उदंड झाली आहे. बोलीचा वापर किती करावा, लेखक गावातला असावा की गावाकडे पाहणारा चालेल, विनोदाने खेड्याचे चित्र विकृत होते काय, या प्रश्नांवर परिसंवाद झडले आणि विशेषांक निघाले. या सगळ्या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. या साहित्यातल्या स्त्रिया दिवसभर करतात तरी काय? त्या सोसतात काय, हे आम्हांस पाठ आहे. त्यांची सासरे, त्यांची माहेरे, त्यांचे दारुडे नवरे आणि न आलेले भाऊ आम्ही पुरतेपणी ओळखतो. पण त्यांच्या हातून काय निपजते, ते कोठे जाते, त्याचा मोबदला कोणाच्या कनवटीस लागतो, हे विचारले तर आमच्यासारख्या जुन्या वाचकासही पुस्तक पुन्हा उघडावे लागते. आणि उघडल्यावरही उत्तर सापडेलच असे नाही.

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून सुचला असे म्हणणे खोटेपणाचे होईल. तो सुचला आमच्या दाराशी. आम्ही ग्वाल्हेरीस किला गेटच्या परिसरात राहतो. किल्ल्याच्या पायथ्याचा हा भाग. येथूनच चढण सुरू होते आणि चढणीच्या प्रारंभीच गूजरी महाल उभा आहे. लष्करातील मराठी वस्तीपेक्षा हा जुना ग्वाल्हेर निराळा. सभोवतालच्या खेड्यांतून स्त्रिया येथे दुधाच्या चरव्या, गोवऱ्या आणि सरपणाच्या मोळ्या घेऊन येत, हे आम्ही लहानपणापासून पाहिले. गोवऱ्यांना येथे कंडे म्हणतात. गॅसच्या शेगड्या घरोघर आल्यापासून मोळ्या कमी झाल्या. दूध अजूनही येते. शिंदेशाहीबरोबर आलेल्या आमच्यासारख्या घराण्यांत नोकरी होती, दप्तर होते, देवघर होते, नांगर नव्हता. म्हणून मराठी खेडे आम्ही ओळखले ते छापील पानांवर, आणि डोळ्यांपुढे असलेले खेडे हिंदीत बोलत असल्यामुळे साहित्याच्या विचारात त्याला आम्ही कधी घेतलेच नाही.

फेब्रुवारी २०११ मध्ये खानेसुमारीच्या कामावर आमची नेमणूक झाली. शिक्षकाच्या नशिबी हे काम ठरलेलेच. घरोघर जाऊन विचारायचे : गेल्या वर्षात काही काम केले काय, सहा महिने वा अधिक केले काय. शहराच्या कडेच्या एका वस्तीत एक गृहस्थ दारात खाटेवर बसून उत्तरे देत होते. पत्नीच्या रकान्यापाशी आल्यावर ते म्हणाले, "ये कुछ नहीं करती." ती बाई त्यांच्या मागे अंगणात म्हशीची धार काढीत होती. आम्ही मान डोलावली आणि 'घरकाम' असा संकेत नोंदवून पुढच्या घरी गेलो. आम्हांस दिलेल्या सूचनापुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते की दुधाचे उत्पादन घरच्यापुरते असले तरी ते 'काम' धरावे. नियम चुकला नव्हता. लेखणी चुकली होती, आणि ती आमची होती. हे आमच्या ध्यानी आले ते फार उशिरा, एका साहित्यविषयक चर्चेत. म्हणूनच तो प्रसंग येथे सांगण्याचे धाडस करीत आहोत.

त्या चर्चेकडे वळण्यापूर्वी एक स्थानिक गोष्ट. ग्वाल्हेरीस १९६१ साली मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या. १८७८ साली पुण्यास ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले, तेव्हापासून त्र्याऐंशी वर्षांनी प्रथमच एका स्त्रीस हा मान मिळाला. त्याच वर्षअखेर त्या निवर्तल्या. आमच्या शहरात या संमेलनाची आठवण अभिमानाने सांगितली जाते, पण त्यांचे लेखन वाचणारे थोडे. 'पासंग' या त्यांच्या समीक्षालेखसंग्रहाचे नावच मोठे सूचक आहे. तराजूच्या दोन पारड्यांतील फरक भरून काढण्यासाठी घालावयाचे वजन म्हणजे पासंग. आणि त्यांच्या एका कथासंग्रहाचे नाव 'मोळी'. नागपूरच्या महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या या विदुषीस आपल्या ग्रंथांची नावे बाजारात आणि रानात सापडली, हे आम्हांस तरी योगायोगाचे वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. स्त्रीचे ग्रामीण श्रम आपल्या कथाकादंबऱ्यांत दिसत नाहीत याचे कारण लेखकांची अनास्था, असे म्हणून मोकळे होता येईल; परंतु ते उत्तर आम्हांस अपुरे वाटते. कारण वाङ्मयप्रकाराच्या घडणीतच आहे. कथा आणि कादंबरी यांचा प्राण घटना. काल नव्हते ते आज घडले, म्हणून सांगायचे. स्त्रीचे काम हे याच्या नेमके उलट. दळण काल झाले, आज झाले, उद्याही होणार. पाणी भरले ते सायंकाळपर्यंत संपणार. शेण काढले, पुन्हा पडणार. या कामाची खूण मागे राहते ती ते न झाल्यावर. घटना नाही म्हणून कथानक नाही, आणि कथानक नाही म्हणून लेखक ते 'पार्श्वभूमी' म्हणून एका वाक्यात उरकतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चे (१९५५) उदाहरण घेऊ. ती उत्तम कादंबरी आहे याविषयी आमच्या मनात संदेह नाही, आणि आम्ही मास्तर असल्यामुळे तिचा निवेदक तरुण मास्तर आम्हांस विशेष जवळचा. गावाने मिळून तालीम उभी केली, ती या कादंबरीतील मोठी घटना. तेथे श्रम आहेत, घाम आहे, सामुदायिक उत्साह आहे. शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतः औताला जुंपून घेते, तो प्रसंगही एकदा वाचला की विसरत नाही. पण तो लक्षात राहतो तो अघटित म्हणून. बाई बैलाच्या जागी आली, म्हणजे तिचे श्रम पुरुषाच्या किंवा पशूच्या श्रमांसारखे दिसू लागले. तेव्हा ते कादंबरीस दिसले. त्याच बाईने त्या दिवशी पहाटे दळले असेल, भाकऱ्या थापल्या असतील, पाणी आणले असेल, मग ती शेतावर गेली असेल. याविषयी मास्तर बोलत नाही, कारण अविवाहित परक्या मास्तराची वाट उंबऱ्यापाशी संपते. चावडीवरून जेवढे गाव दिसते तेवढेच 'बनगरवाडी'त आहे. हा दोष नव्हे. तो त्या निवेदनाचा प्रामाणिकपणा आहे. मात्र चावडीवरून दिसणाऱ्या गावासच आम्ही समीक्षकांनी 'संपूर्ण खेडे' मानले, तो दोष खास आमचा. 'माणदेशी माणसं'मधील (१९४९) बहुतेक माणसे पुरुष आहेत, हेही आम्हांस वर्षानुवर्षे जाणवले नाही. माणसे म्हटल्यावर पुरुषच, हे इतके अंगवळणी पडले होते.

मग पुनरावृत्तीस सामावून घेईल असा वाङ्मयप्रकार मराठीत नाही काय? आहे, आणि तो ग्रामीण कथेहून कितीतरी जुना आहे. जात्यावरची ओवी हा तो प्रकार. एक फेरा, एक चरण. मूठभर दाणे वैरले की पुढचा. ओवीला आरंभ नसतो आणि शेवटही नसतो, कारण दळणाला नसतो. ती गाणारी ओवी रचते तेव्हा तिचा श्वास आणि खुंट्यावरचा हात एका लयीत चालतात. पुनरावृत्ती हे येथे उणेपण राहत नाही. तीच छंद होते. जो श्रम कथेला पेलला नाही तो ओवीने सहज पेलला, याचे कारण ओवी ही श्रमाविषयीची कविता नसून श्रमाचाच एक भाग होती.

आणि आपण तिचे काय केले? साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या जमविल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे उभे आयुष्य या कामास दिले. या ऋणातून मराठी भाषा मुक्त होणार नाही. पण ओवी एकदा कागदावर आली की जाते नाहीसे होते. पुस्तकांत ओव्यांची वर्गवारी बहुधा नात्यांनी होते : आई, भाऊ, लेक, सासर, माहेर. ती गैर नाही, कारण ओवीत ही नाती आहेतच. परंतु तिच्यामुळे वाचकाच्या मनावर असे ठसते की ही बाई पहाटे उठून केवळ आठवणी काढीत बसली होती. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी १९८० नंतरच्या काळात गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव त्यांनी ओवीसोबत जपले. हा आम्हांस या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचा फरक वाटतो. नाव आले की 'लोक' या धूसर शब्दामागे लपलेली एक कर्ती बाई दिसू लागते. गिरणी आल्यावर जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्याही मावळू लागल्या. यात हळहळण्यासारखे एक आहे आणि आनंद मानण्यासारखे दुसरे. ओवी गेली याचे दुःख दळणारीला कितपत झाले असेल, हे विचारल्यावाचून आपण शहरवासीयांनी गळा काढू नये.

वर उल्लेखिलेली चर्चा बहिणाबाईंविषयीची. आमच्याकडे काही मराठी कुटुंबांचे एक लहानसे वाचनमंडळ चालते. तेथे आम्ही 'बहिणाबाईंची गाणी' वाचावयास घेतली. बहिणाबाई चौधरींचा काल १८८० ते १९५१. जळगावजवळचे असोदे हे त्यांचे माहेर. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी प्रसिद्ध झाली. आम्ही विद्यार्थ्यांना आणि मित्रांना ती 'निरक्षर तत्त्वज्ञ कवयित्री'ची गाणी म्हणूनच समजावून देत आलो होतो. मनाचे चांचल्य, संसाराचे स्वरूप, जन्ममरण, हे सारे आम्ही त्यांतून काढून दाखवीत असू. त्या दिवशी उपणणीचे गाणे निघाले. आम्ही म्हणालो, येथे वाऱ्यास घातलेली हाक ही परमेश्वरास घातलेली हाक आहे. भूस म्हणजे असार, दाणा म्हणजे सार. खानदेशातून लग्न होऊन इकडे आलेल्या एक वृद्ध बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो मास्तर, वारा पडला का तिवईवर नुसतं उभं राहावं लागतं, भरली पाटी हातात धरून. खांदे भरून येतात. म्हणून हाक मारायची त्याला. दाणे घरात येईपर्यंत देव कुठला आठवतो?"

मंडळी हसली. आम्हीही हसलो, पण घरी येऊन ते पुस्तक नव्याने वाचले. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी अशी शेतकामांवरची गाणी त्यांत आहेत आणि ती कामाच्या क्रमाने लावून पाहिली तर एका पिकाचे सबंध वर्ष उभे राहते. घरोट आहे, चूल आहे. ज्या तत्त्वज्ञानाचे आम्ही कौतुक करीत होतो ते या कामांतून निघालेले आहे. कामे ही त्याची उदाहरणे नव्हेत. चुलीवरचा अनुभव हातास चटका बसल्यावाचून कळत नाही, हे त्यांना आधी हाताने कळले आहे आणि मग शब्दाने. आम्ही मात्र हात वगळून शब्द घेतला. दारातल्या गृहस्थाचे ऐकून म्हशीची धार काढणाऱ्या बाईपुढे आम्ही 'घरकाम' लिहिले, तेव्हाही हेच केले होते. आमच्या दोन्ही चुका एकाच जातीच्या होत्या, हे त्या रात्री उमगले.

हिशेबाची दृष्टी मराठीत अगदीच नव्हती असे नव्हे. जोतीराव फुल्यांच्या 'कुळंबीण' या रचनेत शेतकरी स्त्रीची कामे एकामागून एक मोजलेली आहेत, आणि त्या मोजणीतच तिचा आरोप आहे. पण पुढच्या सुसंस्कृत अभिरुचीस मोजणी अकाव्यात्म वाटली.

ती दृष्टी कादंबरीत पुन्हा आली ती उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०). कौतिक ही वऱ्हाडातल्या शिंप्याची बायको. नवरा महादेव धड कर्ता नाही, पुढे त्याला महारोग जडतो, मुले आहेत, पोट आहे. शिवणकाम सुटून मजुरीपर्यंत उतरत जाणाऱ्या या कुटुंबाचा भार कौतिकच्या कामावर आहे. शेळक्यांनी वर सांगितलेली अडचण कशी सोडविली हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी पुनरावृत्तीला भिऊन घटना शोधली नाही. काम मिळणे, काम जाणे, उसने आणणे, फेडणे, पुन्हा काम शोधणे हेच त्यांनी कथानक केले. त्यामुळे काही वाचकांस ही कादंबरी कंटाळवाणी वाटते, असे आम्ही ऐकले आहे. त्या कंटाळ्याची आम्ही तरफदारी करू. कौतिकला जे टाळता येत नाही ते वाचकाने दोनशे पाने तरी सोसावे. कौतिकचे दुःख मोठे आहे म्हणून 'धग' मोठी ठरत नाही. दुःखी स्त्रिया मराठी कादंबरीत काही कमी नाहीत. कौतिक हिशेब करते, बेत आखते, चुकते, पुन्हा बेत आखते. म्हणजे ती कर्ती आहे, आणि कर्तेपण असूनही ती हरते. सोशिक नायिकेच्या पराभवाने आपले डोळे पाणावतात आणि आपण पुस्तक मिटतो. कर्त्या बाईच्या पराभवाने आपण अस्वस्थ होतो, कारण मग चूक कोणाची हा प्रश्न उरतो.

आनंद यादव यांच्या 'झोंबी'त (१९८७) कुळाने शेती करणाऱ्या घरातील आईचे राबणे आहे; परंतु तेथे ते शिक्षणासाठी झगडणाऱ्या मुलाच्या नजरेतून येते, आणि त्याची नजर साहजिकच शाळेकडे लागलेली आहे. त्यापेक्षा आम्हांस ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'वर (२००३) थांबावेसे वाटते. आयदान म्हणजे बांबूच्या विणीची सुपे, टोपल्या, रोवळ्या. रत्नागिरीकडील गावात लेखिकेची आई ती विणी आणि पतीच्या निधनानंतर त्यावर घर चाले. गावच्या स्त्रिया सरपणाचे, गवताचे भारे डोक्यावर घेऊन डोंगर उतरत रत्नागिरीच्या बाजारास जात, ते वर्णन वाचताना आम्हांस किला गेटच्या मोळीवाल्या आठवल्या. फरक इतकाच की या पुस्तकात मोळीवाली स्वतः बोलते, वाटेत थट्टामस्करी करते, भावात घासाघीस करते. आईची वीण आणि आपले लेखन यांचा सांधा लेखिकेने जाणूनबुजून जोडला आहे. टोपलीला बूड लागते, मग उभे ताणे, मग वीण. या पुस्तकातही प्रसंग एकापुढे एक न येता एकमेकांच्या वरखालून जातात. श्रमाने वाङ्मयाची रीत घडविली असे उदाहरण ओवीनंतर आम्हांस हेच दिसते. विशेष हे की येथे श्रम पूज्य केलेले नाहीत. आईचे विणणे मुलीला कधी नकोसे होते, त्याची लाज वाटते, हेही स्पष्ट आहे. श्रमाची आरती ओवाळणारे लेखन आम्हांस नेहमी संशयास्पद वाटते. आरती ओवाळली की मजुरी विचारण्याचे कारण उरत नाही.

मजुरीचा प्रश्न साहित्याबाहेर पुढे गेला आहे. १९८६ साली चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन झाले, आणि पुढे शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'च्या द्वारे सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची मोहीम काढली. १९८८ साली इला भट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 'श्रमशक्ती' या नावाने असंघटित स्त्रियांच्या कामाचा अहवाल दिला. १९९१ च्या खानेसुमारीत शेतात वा घरच्या धंद्यात केलेले बिनमोबदल्याचे कामही धरावे, असे शब्द प्रश्नात घालण्यात आले. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असे आढळले की घरातील बिनमोबदल्याचे काम करणारी स्त्री त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालविते. पुरुषांपैकी शेकडा २६ जणच असे काम करतात आणि जे करतात तेही ९७ मिनिटे. हे आकडे वाचून आमच्या एका मित्राने विचारले, यात साहित्याचा काय संबंध? संबंध एवढाच की कोणास काम म्हणावे आणि कोणास म्हणू नये, हे आपण भाषेत आधी ठरवितो, रकान्यात मागाहून. 'ती घरीच असते' हे वाक्य खानेसुमारीच्या तक्त्याने निर्माण केलेले नाही.

गूजरी महालाविषयीची दंतकथा येथे आठवते. राजा मानसिंह तोमराने राई गावच्या गुजर कन्येस झुंजणाऱ्या दोन म्हशी अलग करताना पाहिले आणि तो मोहित झाला. विवाहास तिने अट घातली की आपल्या गावचे पाणी महालापर्यंत आणावे. वृंदावनलाल वर्मांनी हिंदीत तिच्यावर 'मृगनयनी' (१९५०) ही प्रसिद्ध कादंबरी लिहिली. महालात आता पुरातत्त्वाचे संग्रहालय आहे आणि मार्गदर्शक ही कथा प्रेमकथा म्हणून सांगतात. आम्ही ती शंभरदा ऐकली असेल. म्हशी आवरणे हे त्या मुलीचे रोजचे काम होते, आणि राणी होताना तिने मागितले ते दागिने नव्हे, पाणी; ज्या बाईने पाणी वाहिले असेल तिलाच ही मागणी सुचावी. एवढे या कथेत असूनही आमच्या ध्यानात राहिले ते तिचे डोळे.

गेल्या सत्रात शाळेत प्रवेशाचे अर्ज भरून घेताना आईच्या व्यवसायाचा रकाना आला. खेड्यातून आलेला एक पालक म्हणाला, "कुछ नहीं, साब, घर पे रहती है." अर्ज भरणाऱ्या तरुण लिपिकाने सवयीप्रमाणे 'गृहिणी' लिहावयास घेतले. आम्ही शेजारी उभे होतो. घरी म्हशी किती, असे आम्ही त्या गृहस्थास विचारले. तीन, तो म्हणाला. दूध काढते कोण? तो किंचित थांबला आणि म्हणाला, "वही." रोज किती निघते हे त्यास सांगता येईना, सोबत आलेल्या मुलीने मात्र ते तत्काळ सांगितले, सकाळचे वेगळे आणि सांजेचे वेगळे, आणि हलवायाकडे कोणत्या भावाने जाते तेही. लिपिक आमच्याकडे पाहू लागला. रकाना लहान होता. त्याने बारीक अक्षरात 'दुग्ध व्यवसाय' असे लिहिले आणि पुढचा अर्ज घेतला.